डोंगरावरचा दाब

"मामा, तुमच्या भीतीपायी आम्ही एक दिवस पाण्यातच गोठून मरणार," ओला सूट अंगावरून सोलून काढत जावई म्हणाला.

"गोठलास तर शेकता येईल," मामा म्हणाले. स्क्रीनवरची नजर त्यांनी काढली नाही.

धरणाच्या दारांची डागडुजी करणाऱ्या पाणबुड्यांच्या टोळीत त्यांचा जावई होता, आणि त्याच्यामुळे सगळी टोळीच त्यांना मामा म्हणे. तेही एकेकाळी पाणबुडे होते. घाईने वर येण्यापायी खुबा नासला, तेव्हापासून ते खुर्चीत बसून इतरांचा हिशेब करत. कोण किती खोल गेला, वर येताना कुठे किती थांबला म्हणजे रक्तात बुडबुडे धरणार नाहीत. धरण उंच डोंगरावर, हवा विरळ, म्हणून थांबे आणखी लांब लागत. यंत्र हवेचा दाब मिलिबारमध्ये दाखवी, थांब्यांचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅमला तो बारमध्ये लागे. मामा रोज सकाळी रूपांतर करून आकडा भरत आणि सावधगिरीची पातळी सगळ्यात वर ठेवत, मग थार पाण्यातले थांबे अजूनच वाढत. मामा ताकही फुंकून पितात, अशी टोळीत थट्टा चाले.

इंजिनियरला काम उरकायचं होतं. एका सकाळी मामा सिलिंडर भरून आणायला गेले आणि त्याच्या सांगण्यावरून जावयाने खुर्ची ओढली. दाबाच्या रकान्यात प्रोग्रॅमने आपणहून धरलेला समुद्रकाठचा एक बार तसाच राहू दिला, सावधगिरी तळाला नेली. मामा परतले तेव्हा जावई बुडी मारून, झटपट वर येऊन चहा पीत होता.

"बघा, धडधाकट आहे," तो म्हणाला. दुपारी बायकोलाही त्याने आपण आकडे कसे बदलले ते रंगवून सांगितलं.

संध्याकाळी त्याला पोरीला उचलता येईना.

"खांदा आपटला असेल कुठेतरी," तो म्हणाला.

मामांनी खांदा दाबून पाहिला. दुखणं वाढलं नाही, कमीही झालं नाही. ते पार आत होतं.

"ऊठ. बुडबुडे धरलेत. इस्पितळात दाबाच्या कोठीत बसावं लागेल."

"बाबा, तुम्हाला फक्त तुमचं खरं करायचंय," मामांची मुलगी म्हणाली. पण मुंग्या बोटांपर्यंत उतरल्या, तेव्हा तिनेच गाडी बोलावली.

इस्पितळात डॉक्टरांनी बुडीच्या नोंदीचा कागद पाहून विचारलं, "डोंगरावर समुद्रसपाटीचा दाब कुणी भरला?"

बातमी कळून इंजिनियरही येऊन दारात उभा होता. जावयाने त्याच्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"हिशेब मामाच करतात," तो म्हणाला.

मुलगी पोरीचं झबलं सारखं करत राहिली. मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून थोडं थांबलेही.

"मीच भरला," ते म्हणाले.

"उद्यापासून येऊ नका," इंजिनियर म्हणाला.

कोठीचं दार लागलं. दाब चढत गेला तसा काचेआड जावयाचा चेहरा सैल पडू लागला. मुलीला नीट बघता यावं म्हणून मामांनी नातीला घ्यायला हात पुढे केले.

"राहू दे," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

बाकावर इंजिनियर बसला होता. मामा खुब्यावर भार येणार नाही अशा बेताने भिंतीला टेकून उभे राहिले.