थोरल्याचं नाव

तिसऱ्या खेपेला आबाराव तहसील कचेरीत कावलाच. "सरकारी काम अन् सहा महिने थांब! तिकडं मेंढरं उपाशी अन् इथं आपण धूळ खाऊन राह्यलो."

"आजा, जरा दम धर की," प्रांजली म्हणाली. नातीचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण जातीच्या पडताळणीला आज्याच्या जन्माची जुनी नोंद पाहिजे होती. ती सोमवारपर्यंत घावली न्हाई, तर पोरीची जागा गेलीच म्हणायची.

रेकॉर्ड खोलीतला कारकून संघपाल भला माणूस. जुन्या कोतवालानं ठेवलेली जन्म-मयताची वही तो हळूच उलटत होता. पान जरा दाबून धरलं की पापडावानी मोडायचं.

"घावलं, बाबा! सन एकावन्न. आबा वल्द गोरक्षनाथ, धनगर. गाव बराबर, आधारवरची तारीखबी हीच."

प्रांजलीनं टाळीच वाजवली. संघपालनं सहज पुढची पानं चाळली अन् एका ओळीवर त्याचं बोट अडलं.

"काय झालं, साहेब?" प्रांजलीनं विचारलं.

"बाबा, पुढच्याच साली मयतात हेच नाव हाय. आबा वल्द गोरक्षनाथ. वय अकरा महिने. ताप." त्यानं आणखी दोन पानं उलटली. "अन् चोपन्नला गोरक्षनाथाला मुलगा झाला. नाव लिहिलेलं न्हाई."

आबाराव वहीवर वाकला. तो बिननावाचा म्हणजे आपणच! आज्याचं नाव आबा, अन् बापाला ते घरात चालवायचं होतं. थोरला गेला, तर त्याचं नाव धाकट्याच्या अंगावर घातलं अन् शाळेत तारीखबी त्याचीच सांगितली. घरात कुणी चकार शब्द काढला न्हाई.

माय, आसराबाई, सगळ्या वाडीला नावानं हाक मारायची. ह्याला मात्र "अय लेकरा". मरताना बाजेवर "आबा, आबा" करत तळमळली. ह्यानं हात धरला. "माय, मी हाव की इथं." तिनं डोळे उघडून नीट न्याहाळलं अन् म्हणाली, "तू न्हाई." तिला भ्रम झालाय, असं सगळे म्हणले. ह्याच्या काळजात मात्र ते कुसळ चाळीस वर्षं रुतून बसलं होतं.

"अकरा महिन्याचं म्हंजी दात आले आसतील," तो पुटपुटला. "कुठं पुरलं, लिवलंय का?"

"न्हाई बाबा. तसा रकानाच नसतो."

"माझी नोंद चालंल का हिला?"

"नाव नसलं तर अवघड हाय. थोरल्याची चालंल. रक्त एकच, जात एकच."

प्रांजलीचे डोळे भरले. "आजा, ऱ्हाऊ दे. घरी जाऊ आपण."

"गप बस. आण तो अर्ज."

पेन घेतला, पण सहीच्या जागी हात धजंना. बाहेर टेम्पोचे हॉर्न वाजत होते. त्यानं उघड्या वहीवर तळहात ठेवला.

"दादा," सत्तरी ओलांडलेला म्हातारा अकरा महिन्याच्या लेकराला म्हणाला, "लई वापरलं रे तुजं नाव. आता पोरीपुरतं एक डाव दे. मंग घे माघारी."

अन् त्यानं सही केली.