तोंड धुण्याजोगं पाणी

"ज्या पाण्याने स्वतःचं तोंड धुवावंसं वाटणार नाही, ते नदीत सोडायचं नाही. एवढं एक सांभाळ, बाकी तुझं तू बघ."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. आमचा कापड रंगवायचा कारखाना शहराच्या ऐन मध्यावर आहे. वर घर, खाली कारखाना, मागे नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांचे हात कोपरापर्यंत निळे होते. मागच्या खोलीत तीन हौद होते. धुण्याचं पाणी पहिल्या हौदात निवळायचं, दुसऱ्यात वाळूतून झिरपायचं, तिसऱ्यात कोळशातून. संध्याकाळी सासूबाई पितळी भांड्याने तिसऱ्या हौदातलं पाणी घेऊन स्वतःच्या तोंडावर मारायच्या आणि मगच बूच काढायच्या. पाण्यात जराही रंग दिसला, तर बूच जागच्या जागी राहायचं आणि कारखान्यातले सगळे चुळबुळत बसायचे.

त्या गेल्या आणि दोनच वर्षांत शहराच्या संघाच्या जर्सीचं काम आम्हाला मिळालं. गडद जांभळी जर्सी, आणि ती हजारोंनी. गिऱ्हाइकांकडे धाकटे दीर बघतात. त्यांना सगळी गल्ली भोंगा म्हणते, कारण ते कानात काही सांगू लागले तरी पलीकडच्या काठावर ऐकू जातं. जर्सी बांधायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी हौदांवर फळ्या टाकल्या, फळ्यांवर टेबलं मांडली आणि धुण्याचं पाणी नळीने थेट नदीत सोडलं. "तात्पुरतं आहे, वहिनी," म्हणाले. त्या तात्पुरत्याला सहा वर्षं झाली.

वाद घालणं मला कधी जमलं नाही. दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी नदी निवळेपर्यंत चहातली साखर सोडली, आणि सकाळी पायऱ्या धुऊन, देवाचं नाव घेऊन मगच चहा घ्यायचा, हा सासूबाईंचा नेम तेवढा चालू ठेवला. दिरांना याची भारी गंमत वाटायची. "वहिनी, मधुमेह तुम्हाला झालाय की नदीला?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारायचे. आमचे हे रंगांचे उस्ताद, पण बोलण्याच्या बाबतीत हात आखडता. ते नळीकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग छताकडे.

अशात बातमी आली की संघाचे मालक नदीकाठच्या बंद पडलेल्या वखारी विकत घेताहेत. महापालिकेबरोबर मिळून काठावर फिरायला रस्ता, झाडं, बाकं, कारंजं, सरावाचं मैदान, असं सगळं करणार होते. चौकात भलंमोठं चित्र लागलं. त्यात नदी निळीशार होती आणि आमच्या कारखान्याच्या खिडक्यांत फुलांच्या कुंड्या होत्या. दीर तीनदा जाऊन बघून आले. "आपण चित्रात आहोत," ते म्हणाले, आणि पलीकडच्या काठालाही ते कळलं. मात्र चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नदीत घाण सोडणाऱ्या प्रत्येकाला शहराबाहेर हलवण्यात येईल. बाहेर म्हणजे बसने दीड तास. आमच्याकडची एकवीस माणसं पायी कामाला येतात, त्यातल्या निम्म्यांची मुलं याच गल्लीतल्या शाळेत.

मालक स्वतः काठावरची एकेक इमारत बघणार होते. आमची वेळ दुपारी तीनची ठरली. दिरांचा बेत सोपा होता. दुपारी बारालाच नळी बंद करायची, खिडकीत दोन कुंड्या ठेवायच्या आणि हसतमुख उभं राहायचं.

पण आदल्या दिवशी संघ अंतिम सामना जिंकला. दुकानांकडून जर्सीची मागणी आली आणि पहाटेपासून धुणं सुरू झालं. मी पायऱ्या धुवायला उतरले तेव्हा नदी या काठापासून मधल्या खडकापर्यंत जांभळी झाली होती. मी खाली मान घालून झाडू मारत होते, तेवढ्यात वरून कोणीतरी म्हणालं, "अरे वा!"

एक बुटके, गोलसर गृहस्थ हातात चकचकीत बूट घेऊन अनवाणी उभे होते. चौकातल्या चित्राच्या कोपऱ्यात त्यांचा फोटो होता, म्हणून ओळखले. त्यांना रात्रभर आनंदाने झोप लागली नव्हती, तेव्हा आपल्या नदीकडेच आधी बघू म्हणून एकटेच चालत आले होते. नदी बघून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"संघाचा रंग," ते म्हणाले. "अख्खी नदी संघाच्या रंगात. ही कल्पना कोणाची?"

आवाज ऐकून दीर धावत आले आणि आल्या आल्या सांगू लागले की पाठीराख्यांनी रात्रभर खपून केलं, किती माणसं होती म्हणून सांगू, साहेब. मालक ऐकत होते, पण बघत माझ्याकडे होते. बहुधा माझ्या हातातल्या झाडूमुळे.

"ताई, तुम्ही रोज इथे असता. तुम्ही सांगा, कोणी केलं?"

त्यांच्या पाठीमागे उभं राहून दिरांनी मला हात जोडले. मला एकवीस डबे दिसले, दारामागच्या फळीवर ओळीने ठेवलेले. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी सासूबाई रोज धुवायच्या त्या पायऱ्यांवर उभी होते.

"आम्ही," मी म्हणाले.

मालकांनी बूट खाली ठेवले आणि मला वाकून नमस्कार केला. संघासाठी आजवर कोणी एवढं केलं नाही, म्हणाले. कारंज्याजवळ आमच्या घराण्याच्या नावाचा दगड बसवतो, म्हणाले, आणि फोटो काढायला फोन काढला. दिरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. आणि माझी पंचाईत झाली. एकदा खरं बोलायला जेवढं बळ लागतं तेवढं मी वापरून बसले होते. आता तेच पुन्हा, आणि जास्त खरं, बोलायचं होतं.

"साहेब, आनंदाने नाही केलं," मी म्हणाले. "तुमच्या जर्सी धुतल्या."

फोन हातात तसाच राहिला. नळीतून जांभळा फेस भळभळा बाहेर येत होता.

"माझ्याच?"

"तुमच्याच."

त्यांनी फोन खिशात टाकला. "आणि मी शहरभर सांगत फिरतोय," ते म्हणाले, "की नदी कोणी नासवली ते शोधून काढल्याशिवाय राहणार नाही." मग ते हसायला लागले, आणि पोट धरून पायरीवरच बसले. "सापडला की."

दीर तात्पुरत्याची कहाणी सांगायला लागले, तोच मागच्या दारातून हे बोलले. लग्नानंतर एका दमात एवढं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. एवढा गडद जांभळा कापडात पुरता बसतच नाही, चौथ्या धुण्यापर्यंत सुटत राहतो. दोन छटा फिका घेतला तर निम्म्या पाण्यात काम होईल. "आणि हौद आहेत," ते म्हणाले. "टेबलांखाली."

मालकांनी हौद बघायचेच म्हटलं. टेबलं सरकवली, फळ्या उचलल्या. हौद कोरडे ठाक होते आणि तिसऱ्याच्या तळाशी सासूबाईंचं पितळी भांडं पडलं होतं. मी कुठे कुठे शोधलं होतं ते. हे काय, असं मालकांनी विचारलं, तेव्हा मी सासूबाईंचं सांगणं शब्दाला शब्द सांगितलं.

"आणि आज कोणी या नदीत तोंड धुतलं तर?"

"जांभळे व्हाल," हे म्हणाले.

मालकांनी भांडं हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं. मग सांगितलं की जर्सी फिकी चालेल, उशिरा आली तरी चालेल, पण वर्षभरात हौद चालले नाहीत तर कारखाना चित्रातून काढणार, कुंड्यांसकट. "आणि चालले तर तुम्ही कळवा. मी येऊन या पायरीवर तोंड धुईन. बँड नाही, पत्रकार नाहीत. हे माझं तुमच्या सासूबाईंना वचन."

ते वर्ष कसं गेलं, कळलं नाही. बांधाबांधीची टेबलं वर आमच्या बैठकीच्या खोलीत आली आणि पाहुण्यांना जर्सींच्या गठ्ठ्यांवर बसावं लागलं. फिकी जर्सी पाहून चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, कप काय उचलला, संघ घाबरून पांढरा पडला. मालकांनी मात्र सासूबाईंचा प्रश्न काठावरच्या प्रत्येक दारात नेला. साबणाच्या कारखान्यात विचारला, हॉटेलांच्या मोऱ्यांपाशी विचारला, आणि महापालिकेच्या मोठ्या गटाराच्या तोंडाशी अभियंत्यांना विचारला, "या पाण्याने तोंड धुवाल का?" तेव्हा म्हणे अभियंता साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि दुसऱ्याच महिन्यात गटाराची वाट शुद्धीकरण केंद्राकडे वळली. दीर तर येईल त्याला हौद दाखवायला लागले. कोळशाचं महत्त्व ते असं सांगतात, जणू हौदांवर फळ्या दुसऱ्याच कोणी टाकल्या होत्या. माझ्या बिनसाखरेच्या चहाची चेष्टा तेवढी त्यांनी आपण होऊन थांबवली.

हे रोज संध्याकाळी दोन पांढरे रुमाल बुडवायचे, एक तिसऱ्या हौदात आणि एक पायरीपाशी नदीत. दोन्ही दोरीवर वाळत घालायचे. काठावरच्या रस्त्याचं उद्घाटन झालं, बँड वाजला, फीत कापली गेली, तेव्हाही नदीतल्या रुमालाला जांभळट झाक यायचीच. फोटोवाल्यांनी मालकांना पाण्यात हात घालायचा आग्रह केला. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाले, "मला अजून निरोप आलेला नाही." कोणाला काही कळलं नाही. आमच्या दिरांनी मात्र प्रथमच हळू आवाजात विचारलं, "वहिनी, कधी कळवायचं?"

त्यानंतर सव्वा महिन्याने, लागोपाठ नऊ संध्याकाळी, दोन्ही रुमाल पांढरे राहिले. दहाव्या दिवशी मी कार्ड लिहिलं. त्यात एवढंच होतं: रुमाल पांढरे आहेत. सकाळी पायऱ्या धुतलेल्या असतात.

तीन दिवस काही उत्तर नाही. मोठ्या माणसांची मोठी कामं, असं दीर म्हणाले. हे रोजच्यासारखे रुमाल बुडवत राहिले.

चौथ्या दिवशी मी शेवटची पायरी धुऊन बादली उचलत होते. वर पावलं वाजली नाहीत, म्हणून आधी कळलंच नाही. पाहिलं तर मालक एकटेच उभे होते, बूट हातात, खांद्यावर साधा टॉवेल. मागच्या दारातून दीर फोन काढून पुढे सरसावले, तर यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी पितळी भांडं विसळून पायरीच्या कडेला ठेवलं आणि बाजूला झाले.

"गार आहे का?" मालकांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, चष्मा काढून खिशात ठेवला, बाह्या दुमडल्या आणि ओल्या दगडावर जपून पाऊल टाकत खाली उतरू लागले.