सात धडका

वेंडलिंग कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू फेकून चाल चालवणारा मुख्य गडी म्हणजे क्वार्टरबॅक, आणि मी चार वर्षं राखीव क्वार्टरबॅक होतो. म्हणजे सगळ्या संघात सर्वांत स्वच्छ कपड्यांचा माणूस. सामना संपला की बाकीच्यांच्या जर्सी चिखलानं जड झालेल्या असायच्या आणि माझी मात्र घडी घालून परत ठेवता आली असती. पोरं चिडवायची, "प्रिबिल, इस्त्री विस्कटली बघ तुझी!" मीही हसायचो.

मैदानावर माझ्या जागी रीड ऑस्टरगार्ड असायचा. माझ्या जागी असं म्हणणं चूकच, जागा त्याचीच होती. त्याच्यासारखा हात नेब्रास्काच्या आमच्या भागात वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. चार वर्षं आम्ही एकाच खोलीत राहिलो. तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात माझी आई गेली तेव्हा शवपेटीला पुढच्या बाजूनं खांदा रीडनं दिला होता. आदल्या रात्री तो एकटा तीन तास गाडी चालवत आला होता.

काठावर उभं राहून मला एक काम असायचं. कोच स्ट्रँड पुढची चाल माझ्या कानात सांगायचे आणि मी ती हातांच्या खुणांनी रीडला कळवायचो. टोपी, कोपर, पट्टा, पुन्हा टोपी. खुणा आम्ही दोघांनीच खोलीत बसून ठरवल्या होत्या. त्यामुळे मी काय सांगितलं आणि रीडनं काय केलं, हे मैदानावर माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नसायचं.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर टॅलमन स्टेट. आम्ही तेरा सामने जिंकलेले, त्यांनीही तेरा. दोघांपैकी कुणीच त्या वर्षी हरलं नव्हतं. आमचं अर्धं गाव पाच तासांची वाट तुडवून आलं होतं. दुकानांच्या दारांवर 'सामन्याला गेलो आहोत' अशा पाट्या लावून लोक आले होते. रीडचे वडील वेंडेल आणि आई मार्लिस आमच्या बाकामागेच, चौथ्या ओळीत बसले होते.

सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्या क्वार्टरमध्ये रीडनं चेंडू फेकला आणि फेकल्यावर क्षणभर तो तसाच उभा राहिला. त्यांचा एक आडदांड गडी धावत आला आणि त्यानं छातीनं रीडला उचलून मागे आपटलं. आधी डोकं टेकलं, मग पाठ. चेंडू मात्र बरोबर पोचला होता. टचडाउन झालं, सहा गुण मिळाले आणि आमचं गाव नाचायला लागलं. रीड उठला, पण उठताना त्यानं आधी एक हात जमिनीवर टेकवून थोडा वेळ काढला. नंतर तो निघाला तो टॅलमनच्या बाकाकडे. आमच्या एका पोरानं त्याला खांद्याला धरून वळवलं.

आमची फिजिओ जोआन लिंडेल पुढे आली. तिनं त्याला बाकावर बसवलं आणि समोर गुडघ्यावर बसली.

"कुणाशी खेळतोयस?"

"टॅलमन."

"कितवा क्वार्टर?"

रीडनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. घाबरलेला होता तो. मी दोन बोटं मांडीला टेकवली.

"दुसरा."

"शेवटचे गुण कुणी केले?"

मी तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"आपण," रीड म्हणाला. "मीच केले ना बाई. तू बघत नव्हतीस का?"

जोआन हसली आणि तिनं त्याची पाठ थोपटली. कोचनी लांबून विचारलं, "ठीक आहे?" तिनं अंगठा वर केला.

मी हे का केलं? विचार करायला वेळ होता कुठे, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. पण वेळ होता. तो उत्तर शोधत होता, मला उत्तर माहीत होतं, आणि त्याच्या जागी मी गेलो तर संघ हरेल हेही माहीत होतं.

मध्यंतराला आम्ही सतरा-चौदानं पुढे होतो. न्हाणीघराच्या टोकाच्या संडासात रीड ओकत होता. मी दार लोटलं.

"जोआनला बोलावतो."

"खबरदार." त्यानं माझी जर्सी मुठीत धरली. "नोएल, एक तासाचा प्रश्न आहे. एक तास. नंतर महिनाभर झोपतो मी."

"तुला चाली आठवतायत का तरी?"

"तू खुणा कर. मी बघून घेतो." मग त्यानं तोंड पुसलं आणि विचित्र हसला. "की तुलाच जायचंय आत? चार वर्षं वाट बघतोयस, लेका. मला कळत नाही असं वाटतं?"

ते खोटं असतं तर मी सरळ जाऊन सांगितलं असतं. पण ते खोटं नव्हतं. रोज रात्री अंथरुणावर पडलो की मी त्या मैदानावर उतरायचो. म्हणून मी गप्प बसलो. सांगितलं तर लोक म्हणतील, जागा मिळवायला सांगितलं. आणि लोकांचं सोडा, माझं मलाच कळणार नव्हतं की मी कशासाठी सांगतोय.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी खुणा करत होतो आणि रीड भलत्याच चाली खेळत होता. काही मागच्या वर्षीच्या होत्या. एक तर मला ओळखताच आली नाही. ती त्याच्या शाळेच्या संघातली होती, हे मला नंतर कळलं. तरीही त्याच्या हातात इतकी जादू होती की अर्ध्या चुका खपून जात होत्या. कोच ओरडत होते, "काय चाललंय त्याचं?" मी म्हणत होतो, "बदल केला असेल त्यानं, कोच." आणि दर वेळी तो खाली आदळला की मी मोजत होतो. का मोजत होतो, देव जाणे. सहा झाले. सात झाले.

सातव्यानंतर तो काठावर आला, माझ्या शेजारी बसला, हेल्मेट काढलं आणि प्रेक्षकांत बघायला लागला. आम्ही वीस-सतरानं पुढे होतो.

"तुझी आई कुठे बसलीये?" तो म्हणाला. "दिसली नाही आज."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. "काय?"

"आई रे तुझी. माझ्यासाठी त्या पेस्ट्र्या आणणार होती ना, खसखशीच्या?"

मी उठलो आणि तडक जोआनकडे गेलो. कोच तिथेच उभे होते. मी सगळं सांगितलं. ओकारी, चुकलेल्या चाली, आई. आणि दोन बोटंसुद्धा.

जोआन पांढरी पडली. "तू त्याला उत्तरं सांगितलीस?"

"हो."

कोचनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धा झालो. "प्रिबिल, खरं सांग. आत जायचंय म्हणून बोलतोयस का हे?"

"माहीत नाही, कोच," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं तेवढं एकच वाक्य मला अजून धड वाटतं.

जोआननं रीडसमोर तेच प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी तिनं मला पाठ करून उभं राहायला लावलं. रीडला क्वार्टर सांगता आला नाही, वर्षही नाही. तिनं त्याचं हेल्मेट उचललं, काखेत दाबलं आणि कोचना म्हणाली, "हे आता मी देत नाही. हवं तर उद्या मला काढून टाका."

मी हेल्मेट चढवत होतो तेव्हा रीड बाकावरून मोठ्यानं म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं?" सगळ्या बाकानं ते ऐकलं.

मी वाईट खेळलो नाही. हे सांगायची लाज वाटते, पण पहिला चेंडू हातात आला तेव्हा मला आनंद झाला. टॅलमननं गुण केले आणि ते चोवीस-वीसनं पुढे गेले. शेवटच्या दोन मिनिटांत मी संघाला त्यांच्या गोलरेषेपासून नऊ यार्डांवर आणलं. एकच चाल उरली होती. कोपऱ्यात आमचा गस क्विमबी मोकळा होता, अगदी एकटा. मी फेकलेला चेंडू हातभर मागे गेला. त्यानं वळून बोटं लावली, चेंडू गवतावर पडला आणि सामना गेला.

रीडला तिथल्याच इस्पितळात नेलं. तपासणीत रक्तस्राव वगैरे काही दिसलं नाही. विश्रांती घ्या, म्हणाले. ही बातमी आमच्या बसच्या आधी गावात पोचली. "डॉक्टरला काही सापडलं नाही म्हणे," हे वाक्य मी पेट्रोल पंपावर ऐकलं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकलं, न्हाव्याच्या खुर्चीत मानेवर वस्तरा असताना ऐकलं. तोंडावर शिवी कुणी दिली नाही. आमच्याकडे शिव्या देत नाहीत, नुसतं हवामानाबद्दल बोलतात आणि निघून जातात. रीडनं नाताळाच्या सुटीत खोली रिकामी केली, मी नसताना.

फेब्रुवारीत मार्लिस ऑस्टरगार्ड माझ्या दारात उभी राहिली. ती कोट न काढताच बसली.

"रीडला वाचता येत नाहीये," ती म्हणाली. "एक पान वाचतो आणि डोकं धरून बसतो. खोलीचे पडदे उघडू देत नाही. कॉलेज सोडलंय त्यानं, तुला कळलंच असेल."

"नाही, मिसेस ऑस्टरगार्ड. मला कुणी सांगितलं नाही."

"मी एवढंच विचारायला आलेय. तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या क्वार्टरपासून."

तिनं डोळे मिटले. "आणि त्यानंतर किती वेळा पडला तो?"

मी मोजलं नव्हतं असं म्हणता आलं असतं.

"सात वेळा."

तिनं हातमोजे चढवले. मग उठली. "गावात सगळे म्हणतात, तू फार लवकर सांगितलंस," ती दारात म्हणाली. "मला वाटतंच होतं, ते चुकीचं आहे."

जूनमध्ये, पदवी घेतल्यावर, मी त्यांच्या शेतावर गेलो. रीड गोठ्याच्या सावलीत काळा चष्मा लावून बसला होता. मला बघून तो उठला नाही, पण बाजूची बादली त्यानं पायानं उलटी करून माझ्याकडे सरकवली. मी बसलो आणि सांगायला सुरुवात केली. त्यानं मध्येच थांबवलं.

"आईनं सांगितलंय सगळं."

"मग?"

"मग काय. मीच तुझ्या पाया पडलो असणार. मला त्या दिवसातलं सकाळच्या नाश्त्यानंतरचं काही आठवत नाही, नोएल. पण मी मला ओळखतो ना." मग म्हणाला, "वाचणं आता वीस मिनिटांपर्यंत गेलंय. जानेवारीत दोन होतं."

त्यानं मला माफ केलं असं म्हणता येईल. पण ज्याला काही आठवतच नाही त्याची माफी घेऊन काय करायचं ते मला कळेना. दुपारी मार्लिसनं मला जेवायला वाढलं. हॅम, बटाटे, गेल्या वर्षीचं लोणचं. वेंडेल जेवायला आले नाहीत. यंत्रांच्या शेडमधून हातोड्याचा आवाज येत राहिला.

मी गाडीकडे निघालो तेव्हा ते बाहेर आले. मोठा, थोडा वाकलेला माणूस. हात ग्रीसनं काळे. मला वाटलं, आता बोलतील ते ऐकून घ्यायचं.

"तो सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला फेकताना बघतोय," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता शेताकडे बघत बोलत होते. "फेकायच्या आधी त्याचा डावा पाय आत वळतो. हजार वेळा सांगितलं, सवय जात नाही. मध्यंतरानंतर तो पाय वळत नव्हता. एकदाही नाही. चौथ्या ओळीत बसलो होतो मी."

त्यांनी खिशातून फडकं काढलं.

"मार्लिस विचारत होती, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, बस खाली, जिंकतोय तो." त्यांनी फडक्यानं हात पुसले, एकेक बोट करून. "मैदानात उतरायला बारा पायऱ्या होत्या. तिला हे अजून सांगितलेलं नाही."

"सांगणार आहात?"

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, मला समजलं नाही. मग ते शेडमध्ये परत गेले, आणि मी गाडीत बसलो तरी हातोडा बराच वेळ सुरू झाला नाही.