घणोबाचा डावा खांदा

धाकट्या नणंदेचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून ती महिनाभर भावाकडे राहायला आली आणि येताना आपला व्हिडिओ गेमचा डबाही घेऊन आली. तीन दिवस तिचं एकाच शत्रूशी वाजत होतं. हातात घण आणि अंगाने दाराएवढा असा तो पहिलवान. तिने त्याचं नाव घणोबा ठेवलं होतं. घणोबा तिला रोज तीस-चाळीस वेळा लोळवायचा, आणि तितक्याच वेळा ती कंट्रोलर उशीवर आपटायची.

वहिनी गाडी चालवायला शिकवायची. सोळा वर्षं शेजारच्या सीटवर बसून तिने नाना तऱ्हेची घाबरट आणि उतावळी माणसं पाहिली होती. रविवारी सकाळी ती सोफ्याच्या टोकाला कपड्यांच्या घड्या घालत होती. घणोबाने नणंदेला पुन्हा भिंतीवर आपटलं, तशी तिला राहवेना.

"फार घाई करतेस गं तू."

"वहिनी, ही गाडी नाहीये."

"दिसतंय मला. आता पाच वेळा मुद्दाम हर. एकही ठोसा मारायचा नाही."

"तीन दिवस दुसरं काय केलं मी?"

"तीन दिवस नुसती मारत सुटलीस. त्याच्याकडे बघितलंस कधी?"

नणंदेने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. चौथ्या वेळी वहिनीच्या हातातला टॉवेल अर्धवट घडीतच राहिला. "घण उचलायच्या आधी त्याचा डावा खांदा खाली जातो. बघ, बघ, गेला!"

खरंच जात होता. पण खांदा पडला की नणंद मागे पळायची, आणि घणाचा लांब दांडा तिला गाठायचाच.

"मागे नाही, पुढे घूस. त्याच्या काखेखालून. अंगाशी गेलीस की घण फिरवायला त्याला जागाच नाही."

नणंद घुसली. घण रिकाम्या जमिनीवर आदळला. "दोन ठोसे, आणि बाहेर!" वहिनी ओरडली. नणंदेने तिसराही मारला आणि कोपराचा गुद्दा खाऊन उताणी पडली.

"तिसरा कोणी सांगितला होता?"

"हात शिवशिवतात गं!"

"शिवशिवू देत."

पुढच्या खेपेला दोनच मारले. पुन्हा दोन. घणोबाचा जीव पाव उरला, तेव्हा त्याने घण फेकून दिला आणि मुठींचा असा पाऊस पाडला की नणंदेचा पार भुगा झाला. तिने वहिनीकडे पाहिलं. आता खांद्याचा उपयोग नव्हता, आणि दुसरं काही वहिनीलाही सुचत नव्हतं.

"थांब," नणंदच म्हणाली, "सहा ठोसे मारून तो दम खातो. मोजलेत मी."

या वेळी तो पिसाळला तेव्हा तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि मार झेलत राहिली. चार, पाच, सहा. वहिनीचा उजवा पाय ब्रेकवर दाबावा तसा नकळत फरशीवर दाबला गेला होता. घणोबा दम खायला थांबला. जपून ठेवलेली सगळी ताकद नणंदेने एका लाथेत ओतली.

दोघींची किंकाळी ऐकून भाऊ अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊन धावत आला. "काय झालं? पडलीस?"

"मी कशाला पडतेय?" नणंद ऐटीत म्हणाली. "आडवा झालाय तो."