कोल्ड क्रीकवरची शांतता

वेंडल प्रूइटला दोन गोष्टींचा मनस्वी राग होता. एक पातळ कॉफी, दुसरी रेडिओची खरखर. कॉफीचं त्याची बायको बर्डीन बघून घ्यायची. रेडिओचं मात्र त्याने त्या दिवशी स्वतःच बघितलं आणि चांगलंच बघितलं.

कोल्ड क्रीकच्या रस्त्यावर एका वेळी एकच ट्रक मावतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्येमध्ये डोंगराच्या बाजूने कापलेली एखादी खाच. ओंडके भरून उतरणाऱ्याला वाट पहिली, कारण त्याला मनात आणलं तरी थांबता येत नाही. रिकाम्याने खाचेत शिरायचं आणि गप उभं राहायचं. समोरून कोण येतंय हे त्या वळणांवर डोळ्यांना कळत नाही, ते रेडिओवर कळतं. मैलाची पाटी आली की प्रत्येकाने बोलायचं. ‘भरलेली, बारा.’ ‘रिकामी, चार.’ एवढ्या दोन शब्दांवर तिथली माणसं संध्याकाळी घरी जेवायला पोचतात.

त्या सकाळी त्याची मुलगी मार्ला आवारात ट्रक सुरू करून बसली होती. ओंडके वाहून न्यायचा तिचा हा पहिलाच मोसम. बर्डीन अजून या गोष्टीवरून नवऱ्याशी धड बोलत नव्हती.

“बाबा, हा रेडिओ आहे की कढई? नुसतं तळण चाललंय!” मार्ला खिडकीतून ओरडली.

वेंडलने रेडिओच्या मागची अँटेनाची वायर काढली. खरखर बंद. लावली, पुन्हा सुरू. “अँटेनातून येतेय. बुडाशी गंज चढला असणार. घासून काढावा लागेल.”

“आत्ता? वर डेल ओंडके भरायचा लोडर घेऊन बसलाय. उशीर झाला तर दिवसभर टोमणे मारील. आणि तुमचा तरी कुठे धड आहे?”

तेही खरं होतं. त्याच्या स्वतःच्या ट्रकमध्ये अँटेना काढली तरी आवाज जात नव्हता. पाय दाबला की तो शिट्टीसारखा चढायचा, सोडला की उतरायचा, इंजिन बंद केलं की गायब. म्हणजे बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज विजेच्या वायरीतून रेडिओत शिरत होता. बॅटरीपासून थेट वेगळी वायर ओढली की काम झालं. रोग त्याला पक्का माहीत होता, औषधही माहीत होतं. कंटाळा होता फक्त.

“रविवारी दोन्ही करू,” तो म्हणाला, आणि खरखर दाबायचं बटण त्याने पार शेवटपर्यंत पिळलं. आधी तिच्या ट्रकमध्ये, मग आपल्या. दोन्ही रेडिओ गप्प झाले.

“आहा!” मार्ला म्हणाली. “म्हातारा अजून कामाचा आहे.”

ती वर गेली. तो डिझेल भरून बऱ्याच वेळाने निघाला.

त्या बटणाला खरखर आणि माणूस यातला फरक कळत नाही. जे बारीक ऐकू येतं ते सगळं ते दाबतं, आणि डोंगरापलीकडून येणारा माणूस बारीकच ऐकू येतो. तीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या वेंडलला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पण कानाला इतकं बरं वाटत होतं की त्याने तो विचार जवळ येऊच दिला नाही. “रिकामी, तीन,” तो बोलला. “रिकामी, पाच.” कोणी उत्तर दिलं नाही. मनात म्हणाला, बरंय, रस्ता मोकळा आहे.

नऊची पाटी आणि तिथली खाच मागे टाकल्यावर त्याला कसंतरी व्हायला लागलं. एवढं कोणीच कसं बोलत नाही? कोल्ड क्रीकवर माणसं गप्प बसणारी नव्हेत. कोणाला हरणं दिसतात, कोणाची सासू आलेली असते, डेल तर वरून अखंड कुरकुरत असतो. आज एक शब्द नाही. त्याची नजर बटणावर गेली.

त्याने बटण उलटं फिरवलं. शिट्टी अंगावर धावून आली. शिट्टीच्या आत काहीतरी होतं, माणसाचं होतं, पण काय ते कळेना. त्याने रस्त्याच्या मधोमध ट्रक थांबवला आणि इंजिन बंद केलं. शिट्टी मेली.

“...भरलेली, अकरा,” मार्लाचा आवाज आला. मजेत होती पोरगी.

वेंडलने माइक ओढला. “मार्ला, मी नऊच्या वर आहे, खाचेत नाही! हळू घे! ऐकतेयस का?”

काही नाही.

“मार्ला! उत्तर दे!”

खरखरीत ती गुणगुणत होती. चुकून माइकचं बटण दाबलं गेलं असावं. मग आवाज तुटला. आणि तेव्हा त्याला सकाळ आठवली, तिच्या ट्रकमध्ये आत घातलेला आपला हात आठवला. तिला रस्ता मोकळा वाटत होता. त्यानेच तो तिच्यापुरता मोकळा करून ठेवला होता.

पुढची खाच दहावर, म्हणजे तिच्याच दिशेने. मागची नऊवर, अर्धा मैल, तीही उलट्या चालीने. थांबावं तर वळण घेताच ती अंगावर येणार, आणि बापाचा ट्रक दिसल्यावर ती काय करील हे त्याला ठाऊक होतं. ती स्टिअरिंग दरीकडे फिरवील.

त्याने इंजिन सुरू केलं. शिट्टी परत आली आणि त्यासरशी तो बहिरा झाला. ट्रक चालवायचा तर ऐकू येत नाही, ऐकायचं तर ट्रक चालत नाही. दात आवळून तो मागे निघाला. आरशात दरीची कड दिसायची, नाहीशी व्हायची. हॉर्नची दोरी त्याने ओढून धरली, पण उतारावर तिच्या इंजिनाचा ब्रेक असा गुरगुरत असतो की तिला देवाची हाकही ऐकू आली नसती. एकदा मागचं चाक मऊ मातीत गेलं, गाडी कलली, आणि त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. त्याने गाडी सावरली. “बर्डीन, बर्डीन,” तो पुटपुटत होता. देवाचं नाव घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

एका वळणावर त्याला राहवेना. त्याने थांबून पुन्हा इंजिन बंद केलं.

“भरलेली, दहा.”

आवाज आता स्पष्ट होता. इतका स्पष्ट की तिने नाक ओढलेलंही ऐकू आलं. “मार्ला!” तो किंचाळला. उत्तर नाही. मध्ये अजून डोंगर होता, आणि तिचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला झालं तेव्हा तो रडत होता आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

खाच दिसली. त्याने ट्रकचं बूड आडवंतिडवं तिच्यात कोंबलं. मागचा दिवा खडकावर फुटला, पुढचं नाक थोडं बाहेर राहिलं. त्याने आणखी रेटलं. पत्रा चिरडत गेला तसं नाकही आत आलं. इंजिन बंद करून तो स्टिअरिंगला धरून बसला.

वरून गुरगुर आली. जमीन थरथरली. मार्लाचा ट्रक वळणातून निघाला, ओंडक्यांची उतरंड घेऊन, आणि त्याच्या दारापासून हातभर अंतरावरून गेला. तिने हात हलवला. हसली.

“काय हो प्रूइट साहेब,” रेडिओत तिचा आवाज खणखणीत आला, “कामाच्या वेळी खाचेत झोपा? आणि रेडिओ काय झकास केलात! सकाळपासून चूं नाही.”

“खरखरीचं बटण उलटं फिरव!” तो ओरडला. इतक्या जवळून तरी ते तिला ऐकू गेलं. “मार्ला, आधी ते बटण फिरव! पूर्ण!”

“आई गं, पुन्हा तळण...”

“असू दे तळण! फिरव म्हणतो ना!”

बापाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बटण फिरवल्याचं तिने सांगितलं, आणि खरखरीतून दोघांनाही खालून चढणारा एक दमलेला, चिडलेला पुरुषी आवाज ऐकू आला.

“...रिकामी, सहा. वर कोण भरलेली आहे? अहो, कोणीतरी बोला की!”

मार्लाने लगेच उत्तर दिलं. “भरलेली, नऊच्या खाली. सहाच्या खाचेत शीर, मी येतेय.” शब्द बरोबर होते, आवाज मात्र तिचा राहिला नव्हता. त्या माणसाने खाच गाठल्याचं सांगितलं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हा माणूस कधीपासून बोलत होता?”

वेंडलने माइक तोंडापाशी नेला. अंगठा माइकच्या बटणावर ठेवला. ते दाबता येईना.