ज्या साली गुंडा मेला नाही

"यंदा तरी मला मारू नगा," गुंडा म्हणाला आणि मंडळाच्या बैठकीत हशा पिकला.

अध्यक्ष नाथाजी तर पोट धरून हसला. तसं हसण्यासारखं होतंच. आष्ट्यात गणपतीचा सजीव देखावा म्हटलं की गुंडा हवा, आणि गुंडा आला की तो मरायला हवा. बकासुर झाला, भीमानं मारला. महिषासुर झाला, देवीनं मारला. कुंभकर्ण झाला त्या साली निदान मरण्याआधी थोडी झोप तरी मिळाली. पिंपासारखी छाती, पुढं आलेल्या जाड भुवया आणि मागं उतरत गेलेलं कपाळ. असला ऐवज देवानं राम करायला थोडाच घडवला असेल, असं सगळ्या गावाचं मत होतं. बरीच वर्षं गुंडाचंही तेच होतं.

पण त्याची पोरगी सुला आता सातवीत गेली होती. शाळेतली पोरं तिच्यामागं घुर्र घुर्र करत फिरत. बाप लोहाराच्या दुकानात कामाला; त्याची दुपारची भाकरी घेऊन ती पेठेतून यायची नाही, मागच्या बोळातून यायची. गाठोडं उंबऱ्यावर ठेवायची आणि पळायची. गुंडानं तिला कधी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि तेच त्याला लागायचं.

हा अठ्ठ्याहत्तर सालचा गणपती. 'माणसाची वाटचाल' हा विषय कॉलेजातल्या देशमाने सरांनी सुचवला होता आणि नाथाजीनं त्याला आपली फोडणी दिली होती. गुहेतून रानमाणूस गुंडा आरडत बाहेर येणार आणि तुमच्याआमच्यासारखा एक देखणा माणूस भाला मारून त्याला आडवा करणार. खेळ खलास.

"सर, ह्यो जो मी हाय, त्येचं नाव काय म्हनला?" गुंडानं विचारलं.

"निअँडरथल. आपल्या आधीपासूनचा माणूस."

"त्येला अक्कल हुती का?"

पुन्हा हशा. सर मात्र हसले नाहीत. "नव्हती, असं माझ्या जुन्या पुस्तकांत आहे," ते म्हणाले. "नवी पुस्तकं तसं म्हणत नाहीत. मेंदू आपल्याएवढाच, काकणभर मोठाच. इराकातल्या एका गुहेत त्यांच्यातल्या एकाचा सांगाडा सापडलाय. उजवा हात वाळून गेलेला, पाय अधू, एक डोळा जवळजवळ गेलेला. शिकार त्याच्यानं होणं शक्य नाही. तरीही तो त्या काळाच्या मानानं म्हातारा होईपर्यंत जगला. कसा जगला? कुणीतरी सांभाळला असणार. माणुसकी आपल्यापासून सुरू झाली, असं आपण उगाच धरून चालतो."

हसू विरलं. बैठकीतले सगळे हळूहळू गुंडाकडं बघायला लागले.

कारण गुंडा ज्याच्याकडं घण मारायचा त्या अल्लाबक्ष चाचाचा उजवा हात वाऱ्यानं लुळा पडला होता, त्याला कैक वर्षं झाली होती. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवावी तर चाचानंच, असा एके काळी लौकिक होता. चाचाचा हात गेल्यावर हाताखालच्या दुसऱ्या कुणी साखर कारखान्यात नोकरी धरली असती. गुंडानं भाताही धरला आणि घणही धरला. चाचा खुणेनं सांगायचा, हा ठोकायचा. डाव्या हातानं जेवणं चाचाला पटत नसे, म्हणून रोज दुपारी गुंडा त्याला भरवायचा. पेठेतून जाणाऱ्याला ते दिसायचं, आणि रोज दिसतं त्याचं कुणाला काय वाटत नाही.

"मंग मला चाचासंगं बसवा," गुंडा म्हणाला. "म्या त्येला घास देतो. मारामारी न्हाई का आरडनं न्हाई."

"आणि लोक काय बघनार रं? तुमची पंगत?" नाथाजी वैतागला. पण सरांनी बाजू लावून धरली, तेव्हा त्यानं तोड काढली. पहिला दिवस गुंडाच्या मनासारखा. लोक उठून गेले, तर दुसऱ्या दिवसापासून भाला.

मग घास कशाचा, यावर रण पेटलं. भाकरी सरांनी नाकारली, तेव्हा शेती नव्हती. मटण नाथाजीनं नाकारलं, समोर गणपती बसलेला. शेवटी भाजलेलं रताळं ठरलं. तेही त्या काळी तिकडं नव्हतं म्हणे, पण सरांनी डोळ्यांवर कातडं ओढलं.

पहिल्या दिवशी आरती झाली आणि पडदा सरकला. चौक गच्च भरला होता. "आरड की रं गुंड्या!" पुढची पोरं ओरडली. गुंडा गुहेतून बाहेर आला तो चाचाला पाठंगुळी घेऊन. गोणपाटं नेसलेले दोघं लाल बल्बच्या शेकोटीपाशी बसले. विंगेत देखणा माणूस भाला घेऊन उभाच होता, न जाणो लागला तर. मागं बायकांच्या घोळक्यात सुला खाली मान घालून बसली होती.

गुंडानं रताळं सोलून घास पुढं केला. सरांनी माईकवर वाचलं, "आणि त्यानं आपल्या अधू सोबत्याला घास भरवला."

चाचानं तोंड उघडलं नाही.

गुंडा हात पुढं धरून बसला. कुणीतरी फिसकन हसलं. "आवं चाचा, उघडा की तोंड," विंगेतून नाथाजी दबक्या आवाजात कळवळला. चाचा ढिम्म. देखावा, माईक, गर्दी हे सगळं तो विसरला होता. दुसऱ्याच्या हातचं खाताना त्यानं इतकी वर्षं एक अट पाळली होती, ती तो आज का मोडेल?

"आदी तू," तो हळूच म्हणाला. समोर टांगलेल्या माईकनं ते सगळ्या चौकाला ऐकवलं.

गुंडानं घास स्वतःच्या तोंडात घातला. दुसरा पुढं केला. मग चाचानं तोंड उघडलं.

निअँडरथल बोलत होता की नाही, यावर विद्वानांचं अजून जुळत नाही. आष्ट्यात तो बोलला. सरांचा पुढचा कागद हातातच राहिला. ते एवढंच म्हणाले, "असंच झालं असणार."

कुणी उठून गेलं नाही. आधी बायकांत कुणीतरी नाक ओढलं, मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. देखण्या माणसानं भाला मांडवाच्या वाशाला टेकवला आणि तोही टाळ्या वाजवू लागला. पुढं इस्लामपूर, पलूसहून लोक देखावा बघायला आले, देखाव्यांच्या स्पर्धेत पहिला नंबरही मिळाला, आणि विसर्जनापर्यंत गुंडा एकदाही मेला नाही.

पण खरा नंबर लागला तो दुसऱ्याच दिवशी दुपारी. सुला गाठोडं डोक्यावर घेऊन भर पेठेतून आली. कोपऱ्यावर एका पोरानं सवयीनं घुर्र केलं. ती थांबली. "त्यो आरडत न्हाई," म्हणाली. "काल बघितलं न्हाईस व्हय?" पोरगं वरमलं.

उंबऱ्यावर गाठोडं ठेवून ती पळाली नाही. आत आली, भात्याजवळ बसली. गुंडानं भाकरी मोडली, कोरड्यासात बुडवली आणि सवयीप्रमाणं पहिला घास स्वतःच्या तोंडाकडं नेला.

"थांब," चाचा म्हणाला. "आदी ती."

सुलानं रस्त्याकडं एकदा बघितलं. सगळी पेठ समोर होती. तिनं तोंड उघडलं.