न कापलेली केबल

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५. पहाटे दमणगंगेवर धुकं होतं, नऊच्या सुमारास ऊन आलं. हवेत थोडा गारवा.

मी केबल बोलतेय. राखोलीच्या एका धागा कारखान्यात, दुसऱ्या शेडमधल्या खांबाखाली एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात मी वेटोळं घालून बसलेली असते. माझ्या पोटात केसाएवढी बारीक काच आहे, तिच्यातून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर माणसांचे निरोप. आजवर माझ्याकडून एकही निरोप सांडलेला नाही.

मी इथे आले ती मोठ्या लाकडी रिळावरून. ठेकेदाराच्या माणसांनी माझं एक टोक कंट्रोलरूममध्ये जोडलं, दुसरं या खांबावरच्या अँटेनाला. अंतर थोडं आणि मी भरपूर. जवळजवळ अख्खं रीळ उरलं.

"कापायची कशाला?" ठेकेदार म्हणाला. "उद्या शेड वाढली तर लागेल. असू दे लूप."

माणसं सुतळीचे तुकडे ठेवतात, रंगाचा अर्धा डबा ठेवतात, एकच उरलेला बोल्टसुद्धा ठेवतात. तशी मला ठेवली. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

इथली मशीन लांबलचक, आणि ती बंद करायचा स्विच पार टोकाला. म्हणून प्रत्येक कामगाराच्या गळ्यात एक लाल बटण असतं. दाबलं की निरोप हवेतून जवळच्या खांबावर, तिथून कंट्रोलरूममध्ये, आणि आसपासची मशीन बंद. पण बटणं पुष्कळ आणि ऐकणारा एक. सगळी एकदम बोलली तर काहीच कळणार नाही, म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. पापणी लवायच्या आत अशा कितीतरी पाळ्या होऊन जातात.

यात एक मेख आहे. खानवेलचा कामगार घरून लवकर निघतो, किलवणीचा आरामात निघतो, आणि गेटवर दोघं एकाच वेळी हजर होतात. बटणांचंही तसंच. ज्याचा रस्ता लांब, त्यानं आपल्या पाळीच्या जरा आधी बोलायचं. किती आधी, हे बटणांना शिकवलं तेव्हा शेड एकच होती आणि खांबही एकच. दुसरी शेड झाली, माझा हा नवा खांब आला, तरी धडा जुनाच राहिला. नव्या खांबाचा निरोप माझे सगळे वेढे फिरून जातो. मी हळू नाही. मी लांब आहे.

पुढची पाळी रिकामी असली की उशिरा आलेला निरोपही निभावून जायचा. गेल्या शनिवारी ती रिकामी नव्हती.

या शेडमध्ये कावेरी आणि सरिता समोरासमोरच्या मशीनवर असतात. दोघी नंदुरबारकडच्या. सरिताची जागा जुन्या खांबाच्या बाजूला, कावेरीची माझ्या बाजूला. शनिवारी सरिताच्या ॲप्रनची नाडी रोलरमध्ये ओढली गेली. दोघींनी एकदम बटणं दाबली. सरिताचा निरोप वेळेवर पोहोचला, कावेरीचा उशिरा येऊन नेमका त्याच्यावर आदळला. कंट्रोलरूमला दोन्ही कळले नाहीत. कुणीतरी धावत जाऊन टोकाचा स्विच पाडला, तोवर नाडी तुटली होती. सरिता वाचली. रोलर वाकला.

सुपरवायझर मिलिंद कावेरीला म्हणाले, "सरिता अडकली होती, तिचं समजू शकतो. तुम्ही काय बघत उभ्या होतात?"

"दाबलं ना साहेब. दोनदा दाबलं."

"दाबलं असतं तर मशीन थांबलं असतं."

आज शेवटची पाळी करून बटण गेटवर जमा करायचं, असं तिला सांगितलं गेलं.

कावेरीची डब्याची पिशवी रोज माझ्या पेटीच्या कडीला लटकते, दोघी तिथंच जेवायला बसतात, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू येतं. दुपारी सरिता म्हणाली, "त्या बटणाला हळदकुंकू लावायचं होतं गं. पाया पडल्याशिवाय ऐकत नाही ते."

"तुझी नाडी ऐकते का तुझं?" कावेरी म्हणाली. दोघी हसल्या. मग कावेरी डबा न उघडताच बसून राहिली.

तेवढ्यात अंजलीमॅडम मिलिंदना घेऊन आल्या. या नाशिकच्या, वायरलेसचं काम बघतात. कावेरीचं बटण त्यांनी सकाळीच तपासलं होतं. एकटं दाबलं तर ते चालत होतं, सरिताच्या बटणाबरोबर दाबलं की नाही. आता त्यांना खांबाखालची पेटी बघायची होती.

"ताई, पिशवी जरा काढता?"

कावेरीनं पिशवी काढली. झाकण उघडलं आणि मॅडम बघतच राहिल्या. "मिलिंद, अहो, हे काय? अख्खं रीळ?"

"लूप आहे. शेड वाढली तर लागेल म्हणून ठेवलाय."

"इथून कंट्रोलरूम पलीकडच्या भिंतीला, आणि यांचा निरोप गावाला वळसा घालून जातोय! त्या दाबत होत्या हो. तो उशिरा पोहोचत होता."

मिलिंदनी माझा एक वेढा उचलला. "मग कापू या?"

"कापायची गरज नाही. बटणांना बोलायच्या दोन वेगळ्या वेळा शिकवू. जुन्या खांबासाठी एक, या खांबासाठी वेगळी."

मिलिंद कावेरीकडे वळले. "ताई, बटण आहे ना जवळ?"

"गेटवर द्यायचंय ना ते."

"राहू द्या. आधी दाबून दाखवा."

मला ठेवणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे. ठेवा किंवा कापा, दोन्हीत माझी हरकत नाही. पण ठेवलीत तर मोजून ठेवा. पेटीचं झाकण लावलं म्हणून माझी लांबी कमी होत नाही.

चार वाजता बटणांना नव्या वेळा दिल्या. कावेरी आणि सरिता यांनी बटणं एकदम दाबली. दोन्ही मशीन थांबली. पुन्हा चालू करून पुन्हा दाबली. पुन्हा थांबली. उद्या पहिल्या पाळीला कावेरी त्याच मशीनवर आहे. पिशवी कडीला आहे.